चढावर इंजिन खडखडतं? नॉकिंग ओळखायचं कसं आणि दुरुस्तीची सुरुवात कुठून करायची

मे महिन्यात पुण्या-नाशिकहून इंदूरला परतताना खलघाटला नर्मदा ओलांडली आणि धामनोद मागे पडलं, की मानपूरपर्यंत गाडी निमाडातून माळव्यावर चढत असते. एसी चालू, मागे तिघं, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि पुढे रांगणारा ट्रॉला. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून बारीक, कोरडी खडखड येते आणि पाय उचलला की थांबते. हेच नॉकिंग. या तक्रारीवर गॅरेजात ठरलेली तीन उत्तरं मिळतात: प्रीमियम पेट्रोल भरा, डिकार्ब (आतल्या कार्बनची सफाई) करून घ्या, नाहीतर इंजिन खोलावं लागेल. तिन्ही कधी ना कधी बरोबर असतात. पण आवाज नेमका कधी येतो हे न विचारता दिलेलं उत्तर म्हणजे तुमच्या पैशांवर लावलेला अंदाज. म्हणून खाली कारणं मांडताना फुकटात तपासता येतात ती आधी घेतली आहेत आणि खर्चिक ती शेवटी.

आधी आवाज ओळखा

बॉनेटखालून येणारा प्रत्येक ठकठकाट नॉकिंग नसतो. खऱ्या नॉकिंगचा आवाज पातळ आणि धातूचा असतो, स्टीलच्या डब्यात मूठभर चणे टाकून डबा हलवावा तसा. तो इंजिनावर भार असतानाच येतो: चढ, वरचा गिअर, कमी वेग, दाबलेला ॲक्सिलरेटर. साधारण १५०० ते २५०० आरपीएमच्या पट्ट्यात जास्त. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना हा आवाज सहसा येत नाही. येत असेल, तर दुसरंच काहीतरी वाजतंय.

टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) वाजत असेल तर टिकटिक उभ्या गाडीतही येते, आरपीएमबरोबर वाढते आणि भाराशी तिला फारसं देणंघेणं नसतं. सकाळी थंड इंजिनात ठकठक आणि दहा मिनिटांत गायब, असं असेल तर पिस्टन बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, सैल झालाय. स्टार्ट करताना दोन-तीन सेकंद खरखर येत असेल तर टायमिंग चेनचा टेन्शनर बघा. ठराविक आरपीएमवरच किणकिण होते आणि पुढे नाहीशी होते, तेव्हा सायलेन्सरवरच्या उष्णतारोधक पत्र्याचा बोल्ट निघालेला असतो. या पत्र्यापायी लोकांनी प्लग, इंजेक्टर, सेन्सर सगळं बदललेलं असतं. गाडी थंड असताना खाली वाकून पत्रा हाताने हलवून बघायला पैसे पडत नाहीत.

एक आवाज मात्र वेगळा काढून लक्षात ठेवा. जड, खोल, खालून येणारा ठक-ठक. रेस दिली की वाढतो आणि रेस सोडतानाही ऐकू येतो. सोबत ऑइलचा लाल दिवा मिणमिणत असेल तर बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं) गेलंय असं धरा. तिथेच इंजिन बंद करा आणि गाडी टो करून न्या. "हळूहळू घरापर्यंत नेऊ" म्हणणाऱ्याचा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आल्याची उदाहरणं कुठलाही जुना मिस्तरी सांगेल. पुढचं सगळं या आवाजासाठी नाही.

आत नेमकं काय होतं

पिस्टन वर पोचायच्या थोडं आधी प्लग ठिणगी टाकतो. तिथून ज्वाला चेंबरभर, म्हणजे पिस्टनच्या वरच्या ज्वलनाच्या जागेत, पसरत जाते. ३००० आरपीएमला या सगळ्याला तीनेक मिलिसेकंद मिळतात. ज्वाला पुढे सरकते तसं कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबलं जातं आणि तापतं. ज्वाला तिथवर पोचण्याआधीच ते आपोआप पेटलं तर दाबाच्या लाटा चेंबरच्या भिंतींवर आपटतात, सेकंदाला सहा-सात हजार वेळा. तुम्हाला ऐकू येते ती ही कंपनं.

नुकसान आवाजाने होत नाही. जळणारा वायू २००० अंशांच्या वर असतो आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरी पिस्टन टिकतो, कारण त्याच्या पृष्ठभागाला वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर चिकटून असतो. नॉकिंगच्या लाटा तो थर पुसून टाकतात. मग पिस्टनच्या कडा खाल्ल्या जातात, रिंगांमधल्या भिंती तुटतात, हेड गॅस्केट जातं. चढावर दोन-चार सेकंद खडखड झाली म्हणून काही बिघडत नाही. रोज, मिनिटंच्या मिनिटं चालू दिली तर बिघडतं.

आजच्या गाड्यांत इंजिन ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. त्याला ही कंपनं कळतात आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी काही अंश उशिरा टाकतो. म्हणून नव्या गाडीत अनेकदा आवाज येतच नाही. फक्त उन्हाळ्यात पिकअप मरतो आणि मायलेज घटतं. उलट बाजूने बघा: सेन्सर असलेल्या गाडीत आवाज सतत ऐकू येत असेल, तर एक तर सेन्सर काम करत नाही किंवा कारण इतकं मोठं आहे की ईसीएमला ते सावरता येत नाही.

पायरी पहिली: गिअर

सगळ्यात स्वस्त उपाय डाव्या हातात आहे. चौथ्या गिअरमध्ये ताशी ३५-४० वर चढ ओढायला लावला तर चांगलं इंजिनही कुरकुरेल. एक गिअर खाली या, आरपीएम २५०० च्या आसपास येऊ द्या. आवाज गेला आणि एरवी कधीच येत नसेल, तर गाडीत बिघाड नाही. मायलेजच्या लोभाने वरचा गिअर धरून ठेवायची सवय आपल्याकडे फार. त्यात पेट्रोल वाचतं ते सपाट रस्त्यावर, चढावर नाही.

छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांना हे जास्त लागू पडतं. तिथे कमी आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा एक वेगळा प्रकार घडू शकतो. त्याचा एकच दणका पिस्टन तोडायला पुरतो. अशा गाडीत १८०० आरपीएमच्या खाली पाय पूर्ण दाबू नका. ऑइल एपीआय एसपी दर्जाचं आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घाला. या दर्जाच्या चाचण्यांत नेमका हा प्रकार रोखण्याची अट आहे. इथे स्वस्तातलं जुन्या दर्जाचं ऑइल घालणं मला अजिबात पटत नाही.

पायरी दुसरी: पेट्रोल

बीएस-६ नियमांप्रमाणे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान ९१ आणि प्रीमियमचा ९५. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली आपोआप पेटायला ते किती विरोध करतं, त्याचं माप. मॅन्युअलमध्ये ९१ लिहिलं असेल आणि इंजिन निरोगी असेल, तर एक्सपी ९५ भरून बहुतेक गाड्यांत खिसा तेवढा हलका होतो. ९५ लिहिलं असेल तर मात्र काटकसर करू नका.

तरीही तपासणीचं साधन म्हणून प्रीमियम कामाचं आहे. टाकी जवळपास रिकामी होऊ द्या, वेगळ्या पंपावर ९५ ने भरा आणि शंभर-दीडशे किलोमीटर चालवा. ईसीएमने मागे घेतलेलं टायमिंग (ठिणगीची वेळ) पुन्हा हळूहळू पुढे आणायला वेळ लागतो. भरल्या भरल्या निकाल लावू नका. आवाज पूर्ण गेला तर दोन शक्यता उरतात: आधीचं पेट्रोल खराब होतं किंवा इंजिनात असं काही झालंय की त्याची भूक ९१ वर भागत नाही. मग दुसऱ्या चांगल्या पंपाचं साधं पेट्रोल भरून बघा. त्यावर आवाज आला नाही, तर पहिला पंप सोडा आणि विषय संपला. त्यावरही आला, तर पुढच्या पायऱ्या.

पंपावर ग्राहकाला फिल्टर पेपर चाचणी मागता येते. नोझल पुसून कागदावर थेंब टाकायचा. दोनेक मिनिटांत उडून गेला आणि डाग उरला नाही तर ठीक. डाग उरला तर भेसळीचा संशय घ्या. घनताही विचारता येते. नोंदवलेल्या आकड्यापासून घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक नसावा. पण दोन्ही चाचण्यांतून ऑक्टेन कळत नाही, हे ध्यानात असू द्या.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलबद्दल बरंच बोललं जातं, त्यातलं नॉकिंगपुरतं सांगतो. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे, म्हणजे २० टक्के मिश्रणाने नॉकिंग कमीच व्हायला हवं. अडचण येते ती जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत. इथेनॉलला हवेच्या प्रमाणात इंधन जास्त लागतं, कार्ब्युरेटरला ते समजत नाही, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. दुसरी अडचण पावसाळ्यातली. टाकीत पाणी गेलं की इथेनॉल पाण्याबरोबर तळाशी बसतं. पंप तळातून ओढतो, म्हणून गाडी आधी झटके देते, बंद पडते. आणि वर उरतं ते इथेनॉल गमावलेलं, कमी ऑक्टेनचं पेट्रोल. टाकीच्या झाकणाचं रबर फाटलं असेल तर पावसाआधी बदला.

सीएनजीवाल्यांना आयती चाचणी

इंदुरात सीएनजीवर धावणाऱ्या गाड्या भरपूर. त्यांच्या मालकांकडे निदानाचं एक साधन फुकट आहे. सीएनजीचा ऑक्टेन १२० च्या पुढे. त्यावर नॉकिंग होणं जवळपास अशक्य. एकाच चढावर, एकाच गिअरमध्ये, आधी गॅसवर आणि मग पेट्रोलवर गाडी चालवा. आवाज पेट्रोलवरच येत असेल तर नॉकिंग नक्की. दोन्हींवर येत असेल तर टॅपेट, बेअरिंग, माउंटिंग, पत्रा अशा वाजणाऱ्या गोष्टींकडे वळा.

बाहेरून किट बसवलं असेल तर आणखी एक तपासा. गॅस हळू जळतो म्हणून काही किटमध्ये ठिणगी लवकर टाकणारा टायमिंग ॲडव्हान्सर जोडतात. तो फक्त गॅसवर चालू व्हायला हवा. वायरिंग चुकलं तर पेट्रोलवरही ठिणगी लवकर पडत राहते आणि मग प्रीमियम भरूनही खडखड जात नाही. त्याच्या वायरीचा प्लग काढून पेट्रोलवर चालवून बघितलं की दहा मिनिटांत उत्तर मिळतं.

पायरी तिसरी: तापमान

हवा जितकी तापलेली आणि कोरडी, तितकं नॉकिंग जास्त. हवेतली वाफ ज्वलन जरा थंड ठेवते. म्हणून मे महिन्यातल्या माळव्याच्या कोरड्या दुपारी खडखडणारी तीच गाडी जुलैत शांत होते आणि मालकाला वाटतं, आपोआप बरी झाली.

कुलंटची पातळी थंड इंजिनातच बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. रेडिएटर आणि एसी कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत उडणारं भूस आणि किडे तिथे गच्च बसतात, आणि बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. पाण्याची धार इंजिनाच्या बाजूने बाहेर, मंद दाबाने मारा; जोराने मारलीत तर पत्ती वाकते. कुलंटमध्ये बोरिंगचं पाणी घालणं बंद करा. त्यातले क्षार सिलिंडर हेडच्या पाणीवाटेत, नेमके जिथे थंडावा हवा तिथे थर धरतात. तयार कुलंट वापरा किंवा डिस्टिल्ड वॉटरबरोबर बाटलीवर दिलेल्या प्रमाणात मिसळा. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. अडकत असेल तर नवा बसवा.

पायरी चौथी: स्कॅनर

ब्लूटूथवाला साधा ओबीडी स्कॅनर (ईसीएममधले बिघाडाचे कोड वाचणारा) स्वतःकडे असावा असं माझं मत आहे. इंजिनाचा दिवा लागलेला नसला तरी काही गोष्टी त्यात दिसतात. पी०३२५ ते पी०३२८ हे कोड नॉक सेन्सर आणि त्याच्या वायरिंगचे. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ. पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून (जळलेला वायू थोडा परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) वायू पुरेसा येत नाही. ईजीआर बंद अवस्थेत अडकला की चेंबर जास्त तापतो.

कोड नसेल तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती वाढवतोय-घटवतोय तो आकडा, बघा. तो सतत अधिक १० टक्क्यांच्या वर असेल तर ईसीएम पेट्रोल वाढवून वाढवून पातळपणा भरून काढतोय. उभ्या गाडीत जास्त आणि रेस दिल्यावर कमी होत असेल, तर कुठूनतरी हवा शिरतेय: तडकलेला पीसीव्ही होज (इंजिनातली वाफ परत इनटेककडे नेणारी नळी), इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट. उलट, भाराखाली वाढत असेल तर इंधन कमी पडतंय: फिल्टर, पंप, चोंदलेले इंजेक्टर. हवा गळती शोधायला तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर फवारणारे बरेच आहेत. त्यात आग लागण्याचा धोका आहे. धुराच्या मशीनने गळती शोधणारं गॅरेज गाठा.

नॉक सेन्सर बदलताना मिस्तरीपाशी उभे राहा. मधे भोक असलेला गोल सेन्सर ब्लॉकच्या स्वच्छ, कोरड्या पृष्ठभागावर थेट बसला पाहिजे. खाली वॉशर नाही, ग्रीस नाही. बोल्ट टॉर्क रेंचनेच घट्ट करायचा, सहसा २० न्यूटन-मीटरच्या आसपास, नक्की आकडा मॅन्युअलमधला. सैल राहिला तर त्याला नॉकिंग ऐकू येत नाही. फार घट्ट झाला तरी तो चुकीचं ऐकतो.

पायरी पाचवी: प्लग

प्लग काढून एका ओळीत, सिलिंडरच्या क्रमाने कापडावर ठेवा. छोट्या ग्वालटोलीतल्या कुठल्याही जुन्या मिस्तरीच्या हातात दिलात तर तो आधी भिंग डोळ्याला लावेल. फिकट तपकिरी नाक म्हणजे सगळं ठीक. नॉकिंग सोसलेल्या प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर टाचणीच्या टोकाएवढे काळे किंवा चंदेरी ठिपके दिसतात. चंदेरी ठिपके पिस्टनमधून उडालेल्या ॲल्युमिनियमचे असतात. ते दिसले की पुढची तपासणी लांबवू नका. पांढराफटक, फोड आलेला प्लग म्हणजे तो फार तापतोय. इलेक्ट्रोड वितळला असेल तर ठिणगीच्या आधीच पेट होतोय. चारांपैकी एकाच प्लगवर खुणा असतील तर दोष त्याच सिलिंडरचा, बहुधा त्याच्या इंजेक्टरचा, आणि सगळ्या गाडीचं पेट्रोल बदलून काही होणार नाही.

नवा प्लग घेताना धाग्याचं माप जुळलं म्हणून भागत नाही, हीट रेंजही (प्लग उष्णता किती भरभर बाहेर टाकतो ते) जुळायला हवी. इथे एक मेख आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशमध्ये नेमकं उलटं. काउंटरवरच्या पोऱ्याने "नंबर सेम आहे" म्हणत दुसऱ्या कंपनीचा दिला तर भलताच गरम प्लग पदरात पडू शकतो. दुकानदाराकडून गाडीच्या मॉडेल आणि वर्षाप्रमाणे कॅटलॉगमधला नंबर काढून घ्या.

पायरी सहावी: कार्बन

राजवाड्याहून पलासियापर्यंत आणि परत, इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. अशी गाडी वर्षानुवर्षं चालली की पिस्टनच्या डोक्यावर आणि चेंबरमध्ये कार्बन साचतो. त्याने जागा कमी होते, दाब वाढतो आणि थर स्वतः तापून निखाऱ्याचं काम करतो. जुन्या फियाट-ॲम्बेसेडर किल्ली काढल्यावरही चार-दोन झटके मारत चालत राहायच्या, त्यामागे बहुधा हेच असायचं. इंजिन ऑइल पीत असेल तर कार्बन आणखी भरभर चढतो. तेव्हा नुसती सफाई करून भागत नाही. रिंग किंवा व्हॉल्व्ह सील बघावे लागतात.

आधी खात्री करा. प्लगच्या भोकातून बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून पिस्टन बघता येतो आणि तो फोटो तुम्हाला मोबाइलवर मागता येतो. कॉम्प्रेशन टेस्टही करा: चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, इंधन आणि इग्निशन बंद. आकडा मॅन्युअलपेक्षा जास्त आला तर कार्बन नक्की. एका सिलिंडरचा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून कमी असेल तर विषय वेगळा, रिंगा आणि व्हॉल्व्हचा.

थर पातळ असेल तर पॉलिइथरअमीन असलेलं फ्युएल ॲडिटिव्ह टाकीत घालून उज्जैन किंवा देवासपर्यंत एक मोकळा फेरा मारा, आरपीएम ३००० च्या आसपास ठेवून. त्यानंतर ऑइल बदलायची वेळ जवळ आली असेल तर बदलूनच घ्या. थर जाड असेल तर केमिकल भिजवून किंवा हेड काढून सफाई. थेट चेंबरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत. तिथे अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून साफ करायची पद्धत आहे आणि ती खरोखर काम करते. गॅस सोडणाऱ्या डिकार्ब मशीनच्या जाहिरातींवर माझा विश्वास कमी आहे. करायचंच तर आधीचा आणि नंतरचा बोरस्कोपचा फोटो मागा. देत नसतील तर पैसे देऊ नका.

चाचणी कशी घ्यायची

दरवेळी एकच गोष्ट बदला. प्लग, पेट्रोल आणि ॲडिटिव्ह एकाच दिवशी केलं तर काय लागू पडलं ते कधीच कळणार नाही. पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, आपल्यासारख्यांना घाट. जानापावचा रस्ता किंवा खंडवा रोडवर भेरूघाटातून परतीचा चढ, रहदारी कमी असलेल्या वेळी, तोच गिअर, तीच माणसं, एसी चालूच. शेजारी बसणाऱ्याने आरपीएम आणि आवाज आल्याची जागा मोबाइलमध्ये टिपून ठेवावी. चालकाने नजर रस्त्यावर ठेवावी.

डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) असलेल्या जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट हाताशी आहे: टायमिंग लाइट लावून टायमिंग मॅन्युअलमधल्या अंशांवर आणायचं. कानाने फिरवून "इथे बरोबर वाटतंय" म्हणणाऱ्याकडून ते काम करून घेऊ नका. पिकअप छान वाटतो ती जागा बहुतेक वेळा दोन-तीन अंश पुढे गेलेली असते.

डिझेलवाल्यांसाठी दोनच शब्द. डिझेल इंजिनात थोडी ठकठक उपजतच असते. अचानक वाढली, एकाच सिलिंडरमधून येऊ लागली किंवा काळा-पांढरा धूर सोबत आला तर इंजेक्टर काढून बेंचवर तपासून घ्या, आणि पाणी साठलेला डिझेल फिल्टर आधी बघा.

हे सगळं करूनही आवाज राहिला आणि इंजिन खोलायची भाषा सुरू झाली, तर खोलण्याआधी लेखी तीन आकडे मागा: चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, गरम इंजिनात गेज लावून मोजलेला ऑइल प्रेशर, आणि एकेका इंजेक्टरच्या वायरीचा प्लग काढल्यावर आवाज कुठल्या सिलिंडरला कमी झाला. कॉइलच्या वायरीचा प्लग काढू देऊ नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो. आकडे देणाऱ्याकडे गाडी सोडा. न देणाऱ्याकडून किल्ली परत घ्या.